समुद्र बघायला नाही, राहायला जायचंय? खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

आमच्याकडे पाणी ही मोजायची गोष्ट आहे. नळाला किती दिवसांनी येणार, बोअरला किती फुटांवर लागलं, हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी आज किती उघडले. न मोजता येणारं पाणी मी सलग पाहिलं ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, डहाणूजवळच्या बोर्डीला, वीस दिवस. त्याआधी समुद्र पाहिलाच नव्हता असं नाही. जुहूला भेळ खाल्ली होती. गणपतीपुळ्याला बसमधून उतरून, दर्शन घेऊन, फोटो काढून परत बसमध्ये बसले होते. पण तो समुद्र नव्हे, ती हजेरी.

मी जळगावला कर सल्लागाराचं काम करते. आमचा महिना तारखांवर चालतो: ११ ला एक रिटर्न, २० ला दुसरं. मधल्या काळात लोकांच्या पावत्या शोधायच्या. दोन वर्षं झोप नीट नव्हती. रात्री तीनला जाग यायची आणि डोक्यात आकडे सुरू व्हायचे. तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, जरा हवापालट करा." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हवा पालटायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते कोणी सांगत नाही. मी चुकत-माकत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते.

१. आधी स्वतःला विचारा: काय बिघडलंय?

थकवा, चिडचिड, उडालेली झोप, मोबाईल सोडवत नाही, कशातच मन लागत नाही, इथपर्यंत समुद्राचा उपयोग होऊ शकतो. पण आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टर. 'टेली मानस' ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६ नंबर, मराठीतही बोलता येतं. आणि चालू गोळ्या समुद्रावर गेल्यावर बंद करायच्या नाहीत. "तिकडे गेलो की गोळी लागणारच नाही" असं मीही मनात धरलं होतं. चूक होती.

समुद्राजवळ राहण्याचा आणि तब्येतीचा खरंच संबंध आहे का? थोडा आहे, पण जपून बोलावं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे २६,००० लोकांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या गावांत आणि शहरांत किनाऱ्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांमध्ये मानसिक त्रासाची लक्षणं ५० किलोमीटरपेक्षा दूर राहणाऱ्यांहून कमी दिसली आणि हा फरक कमी उत्पन्नाच्या घरांत जास्त ठळक होता. पण तो इंग्लंडचा किनारा, तिथली हवा, तिथली माणसं. शिवाय असा अभ्यास दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढंच दाखवतो. समुद्रामुळेच बरं वाटलं हे त्यातून सिद्ध होत नाही. मी त्याच्याकडे हमी म्हणून पाहिलं नाही, करून बघायला हरकत नाही एवढ्यापुरतं पाहिलं.

२. घरच्यांना कारण नका देऊ, तारीख द्या

ही पायरी सगळ्यांत अवघड. पुरुषांना थोडी सोपी, बाईला महाकठीण. "एकटी? समुद्रावर? कशाला?" सासूबाईंना वाटलं माझं आणि ह्यांचं काही बिनसलं. अमळनेरचे आमचे एक आप्पा आहेत, ते तर हसून म्हणाले, "तठे काय शे? पानीज ना!"

मी पंधरा दिवस समजावत बसले आणि जितकं समजावलं तितके प्रश्न वाढले. शेवटी तिकीट काढलं आणि सांगितलं: २१ नोव्हेंबरला जाते, १० डिसेंबरला परत येते, रोज रात्री आठला फोन करीन. तारखेशी वाद घालता येत नाही.

इथला सापळा असा की लगेच कोणीतरी म्हणतं, "मग आम्हीही येतो शनिवार-रविवार." येऊ द्या, पण शेवटच्या शनिवार-रविवारी. सुरुवातीला आले तर तुमचं जाणं त्यांची सहल होते आणि तुम्ही तिथे चहा-पोहे करत बसता.

३. किती दिवस आणि कधी

'दोन रात्री, तीन दिवस' यात काही होत नाही. पहिले तीन दिवस नवलाईचे असतात. नवलाई आणि निवांतपणा एक नव्हे. माझ्या मते कमीत कमी दहा दिवस, जमलं तर तीन आठवडे. का ते आठव्या पायरीत सांगते.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात समुद्र बघायला भारी, जवळ जायला धोक्याचा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या भट्टीतून सुटका म्हणून लोक जातात आणि तिथल्या घामाने हैराण होऊन येतात. शेतीवाल्यांनी कापूस वेचणी आणि रब्बीचं पाणी बघून मधली फट शोधावी. माझी फट २० तारखेचं रिटर्न भरलं की पुढच्या ११ तारखेपर्यंतची होती. प्रत्येकाच्या धंद्यात अशी एक फट असते.

४. किनारा निवडताना नकाशा उलटा धरा

खान्देशातला माणूस समुद्र म्हटलं की अलिबाग, दापोली, गुहागर असा विचार करतो. मुंबई नाहीतर पुणे गाठा, तिथून दुसरी गाडी, मग तिसरी. पण आपला समुद्र तिकडे नाहीच. जळगावहून सरळ पश्चिमेला रेघ मारली तर ३०० किलोमीटरच्या आसपास समुद्र लागतो, आणि तिकडे जाणारी रेल्वे घरासमोरून जाते. भुसावळ-सुरत लाईन: जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, उधना. उधना किंवा सुरतेला उतरून दक्षिणेकडची गाडी धरली की नवसारी, वलसाड, वापी आणि मग महाराष्ट्रात परत शिरल्यावर घोलवड, डहाणू. धुळेकरांना कोंडाईबारी घाटातून सुरतेचा रस्ता आहेच. भुसावळहून मुंबईला जाणारी खान्देश एक्स्प्रेसही याच बाजूने जाते. तिचे दिवस आणि थांबे तिकीट काढताना बघून घ्या.

मी बोर्डी निवडली. घोलवड स्टेशनला उतरायचं, पुढे रिक्षा. चिकूच्या वाड्या, किनाऱ्याला सुरूची झाडं, लांबलचक सपाट पुळण. पाणी निळंशार नाही, गढूळ आहे. वाळू पांढरी नाही, काळपट आहे. फोटोत काही खास येत नाही, म्हणून गर्दी शनिवार-रविवार सोडला तर बेताची. माझ्या कामाला तेच हवं होतं.

सुरतेजवळचं डुमस त्याहून जवळ, पण तिथे संध्याकाळी भज्यांच्या गाड्यांवर जत्रा असते. वलसाडचं तीथल चांगलं आहे. नवसारीजवळची दांडी, १९३० साली गांधीजींनी मीठ उचललं ती, मी येताना एक दिवस पाहिली.

निवडताना एकच कसोटी लावा: खोलीपासून वाळूपर्यंत चालत दहा मिनिटांत पोचता येतं का? रिक्षा करावी लागली की चौथ्या दिवसापासून जाणं बंद होतं. स्वतःला ओळखून सांगते.

५. जागा, कागदपत्रं, सामान

हॉटेल नको. हॉटेलात माणूस पाहुणा राहतो आणि पाहुण्याला सतत काहीतरी 'करावंसं' वाटतं. घरगुती खोली बघा. पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदलेली घरंही असतात. फोनवर रोजचा दर विचारू नका, "वीस दिवसांचे किती?" असं विचारा. मला रोजच्या दराच्या जवळपास निम्म्यात पडलं.

पहिल्यांदा मात्र मी फसले. फोटो बघून एका ठिकाणी आगाऊ पैसे भरले. 'समुद्रासमोर' लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात समोर मंगल कार्यालय, त्यामागे वाडी, त्यामागे कुठेतरी समुद्र. नोव्हेंबर म्हणजे लग्नसराई. दोन रात्री डीजे ऐकला आणि पैसे सोडून दुसरीकडे गेले. आगाऊ भरायचंच तर दोन दिवसांचं भरा. उरलेलं तिथे जाऊन, आवाज ऐकून ठरवा.

सोबत ठेवायचे कागद:

- आधार कार्ड, मूळ आणि दोन झेरॉक्स
- डॉक्टरांची चिठ्ठी आणि राहायच्या दिवसांपेक्षा पाच दिवसांच्या जास्त गोळ्या
- आरोग्य विम्याचं कार्ड. विमा त्या भागातल्या कोणत्या दवाखान्यात चालतो ते आधी विचारून
- काही महिने भाड्याने राहणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार. तो नोंदणीकृत हवा, आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याची मालकाला आठवण करून द्या

सामानात सुती कपडे नेहमीपेक्षा दोन जोड जास्त (वाळत नाहीत), घट्ट झाकणाचे डबे, डासांचं मलम, टोपी, बॅटरी, वही-पेन आणि काट्यांचं साधं घड्याळ. घड्याळ महत्त्वाचं आहे. वेळ बघायला मोबाईल काढला की वेळ सोडून बाकी सगळं बघितलं जातं.

लॅपटॉप? मी नेला. दिवसाला सकाळी दोन तास, खोलीतच. किनाऱ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेली माणसं फोटोत छान दिसतात, पण स्क्रीनवर ऊन पडतं आणि खारी हवा यंत्राला सोसत नाही.

६. दमट हवा: आपल्या माणसाची पहिली फजिती

आम्ही भुसावळ-जळगावचे लोक उन्हाची फुशारकी मारतो. पंचेचाळीस अंश सोसलेत, तिथे तेहतीस-चौतीस म्हणजे काय! पण आपलं ऊन कोरडं. घाम येतो आणि लगेच उडतो, उडताना अंग गार करतो. किनाऱ्यावर हवाच पाण्याने भरलेली, घाम उडत नाही, नुसता वाहतो. म्हणूनच आपल्याकडचा कूलर तिथे कुचकामी. त्याचं सगळं काम पाणी हवेत उडण्यावर असतं. घरमालकीणबाईंना मी पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, कूलर नाही का?" त्या बराच वेळ हसल्या.

दुपारी अकरा ते चार खोलीत पंख्याखाली पडा. पाणी, सरबत, ताक चालू ठेवा. घरून नेलेले केळीचे वेफर्स दुसऱ्या दिवशी रबरासारखे होतात, पापडही. ठेचा टिकतो. कळण्याचं पीठ घट्ट डब्यात ठेवलं तर टिकतं, पण तिथल्या बाजारात भरताचं आपल्याकडचं हिरवं वांगं मागू नका, मनाला लागेल.

७. भरती-ओहोटीचा हिशेब शिका

हे आधी शिकलं असतं तर माझे चार दिवस वाचले असते. पहिल्या दिवशी सकाळी मोठ्या उत्साहाने किनाऱ्यावर गेले तर समुद्रच नाही. पार लांब एक चकाकणारी रेघ आणि मधे चिखल-वाळूचा माळ. सपाट किनारा असल्यामुळे ओहोटीला पाणी खूप आत जातं. मला वाटलं, वीस दिवसांचे पैसे गेले.

काकूंनी मग हिशेब शिकवला. दिनदर्शिकेत तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला भरती पुरी, आणि पहाटेही तीनच्याच आसपास. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्येला बाराच्या आत-बाहेर, आणि त्या दिवसांत उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी बेताचं. हा कोकण किनाऱ्याचा ढोबळ हिशेब आहे. उत्तरेकडे, बोर्डी-डहाणूला भरती त्याहून जरा उशिरा येते. पक्की वेळ हवी तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघावं.

कारण साधं आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही त्याच्यामागे तेवढीच सरकते. आपण तिथी उपासासाठी बघतो, तिकडे पाण्यासाठी.

यातले धोके सरळ सांगते. ओहोटीला पाण्यामागे चालत फार आत जाऊ नका. सपाट किनाऱ्यावर पाणी परत येतं ते चालत नाही, पसरत येतं, आणि कधी कधी तुमच्या मागच्या खळग्यात आधी भरतं. गाडी वाळूवर नेऊ नका. मी तिथे असताना एक नवीकोरी गाडी चिखलात रुतली होती आणि ट्रॅक्टर येईपर्यंत चाकांना पाणी लागलं होतं. आणि आपण विहिरीत, कालव्यात पोहायला शिकलेली माणसं. समुद्रात ते पोहणं चालत नाही. गुडघ्यापर्यंत पाणी पुष्कळ. कधी ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झटापट करायची नाही. किनाऱ्याला समांतर जायचं, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे यायचं.

८. बसायचं कसं

आता मुख्य गोष्ट. सजगता, माइंडफुलनेस, ध्यान, काहीही म्हणा. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये एका वैद्यकीय विद्यापीठात ताणावरचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून हा शब्द दवाखान्यात आला. आपल्याला त्यासाठी अमेरिकेला जायला नको. जळगावहून मुंबईच्या गाडीत बसलं की वाटेत इगतपुरी लागते, तिथे विपश्यनेचं मोठं केंद्र आहे. दहा दिवस मौन, फी नाही. पण मला ते झेपलं नव्हतं. डोळे मिटून श्वासाकडे बघायला बसले की तीनच्या रात्रीचे आकडे दुपारीच सुरू व्हायचे. समुद्राचा फायदा असा की डोळे उघडे ठेवून बसता येतं.

मन थकतं ते एकाच गोष्टीवर जोर लावून लक्ष धरल्यामुळे, असं रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं. पावत्या तपासताना तेच होतं. त्या लक्षाला विसावा मिळतो तो लक्ष अलगद धरून ठेवणाऱ्या, पण काही मागत नाहीत अशा गोष्टींकडे बघून: ढग, पानांची हालचाल, लाटा. टीव्हीही लक्ष धरतो, पण तो ओढून धरतो. माझ्या अनुभवाला हे स्पष्टीकरण पटतं.

माझा क्रम असा बसला:

पाणी भरत असताना किंवा नुकतं उतरू लागल्यावर जायचं. सुरूच्या झाडाला पाठ टेकवायची. मांडी घालायचा हट्ट नको, पाय पसरा. मोबाईल खोलीत.

पहिली पाच मिनिटं फक्त आवाज. लाट फुटते तो आवाज सगळ्यांना ऐकू येतो. त्यानंतर पाणी वाळूवरून मागे सरतं तेव्हा बारीक सळसळ होते, तव्यावर फोडणी विझत आल्यावर होते तशी. ती सळसळ संपेपर्यंत ऐकायची. ती संपली हे कळलं पाहिजे. मला पहिले तीन दिवस एकदाही कळलं नाही. दर वेळी मधेच मन कुठेतरी निघून गेलेलं असायचं.

मग नऊ लाटा मोजायच्या. नऊ झाल्या की परत एकपासून. चुकलं की एकपासून. चुकल्याबद्दल स्वतःला बोलायचं नाही. आम्हा हिशेबाच्या माणसांना हे फार जड जातं.

इथे एक सापळा आहे: श्वास लाटेशी जुळवायला जाऊ नका. कुठल्याशा व्हिडिओत तसं सांगितलं होतं म्हणून मी केलं. लाटा काही घड्याळावर येत नाहीत. एक लवकर येते, एक फार वेळ घेते. तिच्यासाठी श्वास धरून बसले आणि दहा मिनिटांत गरगरायला लागलं. श्वास आपला आपण चालू द्या. थोड्या वेळाने तो आपोआप सावकाश होतो.

ओहोटीच्या वेळी गेलात तर ओल्या वाळूवरून अनवाणी, हळू चाला. टाच, मग तळवा, मग बोटं. आणि खाली बघा. मी एका सकाळी तासभर उकिडवी बसून एक बीळ पाहिलं. शेंगदाण्याएवढा खेकडा बाहेर यायचा, वाळू तोंडात घ्यायचा, तिच्यातलं खाण्यासारखं असेल ते ठेवून उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकायचा. बिळाभोवती अशा शेकडो गोळ्या, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या किरणांनी पसरलेल्या. माझी सावली पडली की आत. सावली हलली नाही की परत बाहेर, परत कामाला. भरती आली आणि सगळं पुसून गेलं. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच गोळ्या. त्या तासात मला एकदाही रिटर्न आठवलं नाही, हे मला संध्याकाळी लक्षात आलं.

दिवसाला किती? मी सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. इंग्लंडमधल्याच आणखी एका अभ्यासात, सुमारे २०,००० लोकांच्या, आठवड्याला निसर्गात १२० मिनिटं किंवा जास्त घालवणाऱ्यांनी आपली तब्येत बरी असल्याचं जास्त सांगितलं होतं. वेळ एकदम काढा की तुकड्यांत, फरक नव्हता. हा आकडा घरी परतल्यावर कामाला येतो.

आणि आता कंटाळ्याबद्दल. चौथ्या-पाचव्या दिवशी येतो. पाणी तेच, वाळू तीच, काकूंचं जेवण तेच. सहाव्या दिवशी मी परतीचं तिकीट बदलता येतं का ते बघत होते. बहुतेक लोक इथेच उठून महाबळेश्वरला नाहीतर मुंबईला खरेदीला जातात. उठू नका. आपल्या सगळ्या तारखा, फोन, चहाच्या वेळा मनाला सतत काहीतरी पुरवत असतात. ते बंद झालं की मन आधी आदळआपट करतं. माझी दोन दिवस चालली. आठव्या रात्री झोपले ती सकाळी साडेसहाला उठले. तीनला जाग आली नाही. पुढे अधूनमधून आली, पण आकडे सुरू झाले नाहीत.

९. किनाऱ्यावरच्या माणसांना विचारा

समुद्राकाठी राहणारा प्रत्येक जण निवांत असतो असं डोक्यात घेऊन गेला असाल तर बाजारात मासळी विकणाऱ्या मावशींशी दोन शब्द बोला. मी म्हटलं, "तुमच्याकडे किती शांत वाटतं हो!" त्या मासा साफ करता करता म्हणाल्या, "जून-जुलैत ये, मग बघ किती शांत असतं. होड्या बंद आणि हप्ता चालू." त्या दोन महिन्यांत सरकारी मासेमारीबंदी असते, माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र म्हणून. आपल्याकडे कापसाच्या भावाची जी घालमेल, ती तिकडे डिझेलची आणि जाळ्याची. मी फुकट हवा खायला गेलेली, आणि त्या कमवायला बसलेल्या. तेवढं भान ठेवलं की आपण तिथे जरा कमी बडबडतो.

दहाव्या-बाराव्या दिवशी आणखी एक ताप चढतो: "इथेच एखादा प्लॉट घेऊ या." दलाल वासावर असतातच. किनारपट्टीच्या २०१९ च्या नियमांनुसार ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० किंवा २०० मीटरच्या पट्ट्यात, त्या भागातल्या लोकवस्तीच्या दाटीप्रमाणे, नवं बांधकाम करता येत नाही. समुद्र दिसणारा प्लॉट नेमका त्याच पट्ट्यात असतो. घरी या, महिना जाऊ द्या, मग वकील.

१०. परत आल्यावर

पहिले आठ दिवस सांभाळा. मी १० तारखेला रात्री उतरले आणि ११ ला सकाळी रिटर्न होतं. दुपारपर्यंत सगळं होतं तिथे आलं असं वाटलं. मधे एक रिकामा दिवस ठेवायला हवा होता.

मग पाण्याचा शोध गावाजवळ घ्या. समुद्राची सर येणार नाही, हे आधीच मान्य करून. जळगावकरांना मेहरूण तलाव, सकाळी सहाला. सात वाजले की चालणाऱ्यांच्या मोबाईलवरची भजनं सुरू होतात. भुसावळकरांना हतनूरचा जलाशय, हिवाळ्यात पक्षी असतात. मुक्ताईनगरकडे चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम. शहादा-नंदुरबारच्या लोकांना प्रकाशा, शिरपूर-दोंडाईचाकडच्यांना तापीकाठचं कोणतंही गाव, आणि वर तोरणमाळला यशवंत तलाव. धुळ्याला पांझरा आहे, पाणी असेल तेव्हा. नदीच्या पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला खोली विचारा. बॅरेज झाल्यापासून आपल्या लहानपणीचे उतार राहिलेले नाहीत.

मी आठवड्यातून दोनदा मेहरूणवर आणि महिन्यातून एकदा चांगदेवला जाते. १२० मिनिटांचा हिशेब कसाबसा बसतो. नदीला लाटा नसतात, मग मोजायचं काय? मी पाण्यावरून वाहत येणारी वस्तू धरते, पान, काडी, निर्माल्यातलं फूल. दिसलं तिथून दिसेनासं होईपर्यंत तिच्याबरोबर जायचं. एकदा आप्पांना घेऊन गेले होते. तासभर गप्प बसून होते. उठताना म्हणाले, "हाई पानी कथं जास?" म्हटलं, सुरतेला. ७२४ किलोमीटर चालून तापी डुमस-हजिऱ्याच्या मधे समुद्राला मिळते. "मंग तू तठे कशाले गई व्हती?" म्हणाले.

उत्तर दिलं नाही. पण पुढच्या नोव्हेंबरची खोली काकूंकडे सांगून ठेवली आहे, या वेळी ह्यांच्यासह, पहिले दहा दिवस मी एकटी. तोवर ऑफिसातल्या दिनदर्शिकेवर तिथी बघायची सवय लागली आहे. आज २० तारीख, समोर सहा जणांचं रिटर्न बाकी, फोन वाजतोय. सप्तमी आहे. सात गुणिले पाऊण, सव्वापाच. बोर्डीला अजून थोडं उशिरा.